टायमिंग गिअरचा आहेर

कोहमाऱ्याच्या चौकात माणूस दोनच कारणांनी थांबतो. भूक लागली म्हणून, नाहीतर गाडी बसली म्हणून. भुकेसाठी नागपूर-रायपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे आहेत. गाडीसाठी उमराव मिस्त्री आहे. ढाब्यावर गेलात तर विचारतात, "काय लावू?" उमराव मिस्त्रीकडे गेलात तर तो विचारतो, "काऊन?" म्हणजे, का?

"मिस्त्री, स्प्रिंगचा पाटा तुटला."

"काऊन तुटला?"

"माल जरा जास्त होता."

"जास्त काऊन होता?"

"शेठनं भरला."

"शेठनं भरला, पन तू काऊन नेला?"

इथपर्यंत ड्रायव्हर समोरच्या ढाब्याकडे आशेनं पाहू लागतो. दुर्ग की राजनांदगावकडच्या एका ड्रायव्हरनं तर एकदा हात जोडले होते. म्हणाला, "पट्टा बदल दे गा मिस्त्री, मोर खानदान ला झन पूछ." म्हणजे, माझ्या खानदानाची चौकशी नको. तेव्हापासून चौकात त्याचं नाव काऊन मिस्त्री पडलं. त्याला त्याचा राग नाही. उलट हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं आणि काऊन ठेवलं, याची त्यानं बरेच दिवस चौकशी केली.

उमरावचं गाव सौंदडच्या पलीकडे. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पणजोबांच्या हातची पाळ अजून गावाचं पाणी धरून आहे. वडिलांची इच्छा होती की पोरानं धान करावं, पाळीवरची माती टाकावी, आणि पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्यांशी रीतसर भांडावं. पण घरी तलावाचं पाणी उपसायला डिझेल इंजिन आलं आणि पोरगं त्या इंजिनापाशीच बसून राहिलं. बापानं विचारलं, "कायले बसला इथं?" पोरगा म्हणाला, "हे थांबत काऊन नाई, ते पाहून राहिलो." बापानं त्या दिवशी धान करणाऱ्या मुलाची आशा सोडली.

हे प्रकरण लग्नानंतरही मिटलं नाही. शांतीबाई शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. उमरावनं ते उघडलं. मशीनला काही झालेलं नव्हतं.

"चांगली चालून राहिली ना मशीन. मंग त्यात काय पायता?" शांतीबाईंनी विचारलं.

"म्हनून त पायतो. बिघडलेलं सगळेच पायतेत."

कुणाकडे तेरवीला गेला तर पानावर बसायच्या आधी तो त्या घरच्या चक्कीचा पट्टा का घसरतो ते पाहून येतो. लग्नाला गेला तर नवऱ्यामुलापेक्षा जनरेटरकडे जास्त वेळ उभा राहतो. माणूस काटकुळा, कान मात्र थोरामोठ्यांचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून तो डोळे मिटतो, तेव्हा बाजूला उभा असलेला ड्रायव्हर श्वाससुद्धा हळू घेतो. डॉक्टरपुढे आपण घेतो त्याच्या उलट.

आता थोडं इंजिनाबद्दल. घाबरण्यासारखं काही नाही.

ट्रकच्या जड डिझेल इंजिनाच्या तोंडाशी एक झाकण असतं. त्याच्या आत दात्यांची चाकं एकमेकांत दात अडकवून बसलेली असतात. खाली क्रँकचं, सगळ्या इंजिनाला फिरवणाऱ्या दांड्याचं. वर कॅमचं, झडपा उघडझाप करणारं. बाजूला डिझेल पंपाचं. आणि मधोमध, स्वतः काहीच काम न करता सगळ्यांची गाठ घालून देणारं एक चाक, त्याला आयडलर म्हणतात. सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखं. ही झाली टायमिंग गिअरची मंडळी. झडप कधी उघडायची, डिझेल कधी फवारायचं, हे वेळापत्रक त्यांच्या हाती. प्रत्येक चाकावर बारीक ठिपका असतो, आणि बसवताना ठिपक्यासमोर ठिपका यावाच लागतो. एक दात चुकला की इंजिन एक तर धूर ओकतं, नाहीतर रुसून बसतं. उमराव हे ठिपके तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातल्या चुन्यानं रंगवतो. चुन्याची डबी खिशात असते, ती अर्धी तोंडासाठी आणि अर्धी टायमिंगसाठी.

तर नीतूचं ठरलं.

नीतू ही उमरावची मुलगी. सडक अर्जुनीला झेरॉक्सचं दुकान चालवते. वडिलांचे कान तिला आले नाहीत, ही देवाची कृपा. वडिलांचं 'काऊन' मात्र पुरतं आलं. सौंदडच्या उदारामचा मुलगा भूपेंद्र याच्याशी तिचं जुळलं. उदारामचा स्वतःचा ट्रक आहे, एकच, जुना. बापलेक आळीपाळीनं चालवतात, आसपासच्या गावांतलं धान राईस मिलवर नेऊन टाकतात. माणसं सरळ. देण्याघेण्याची गोष्ट निघाली तेव्हा उदाराम म्हणाला, "पोरगी द्या, बाकी आमाले काई नोको."

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. आणि 'काई नोको' म्हणणारा इवाई हा मुलीच्या बापाला सगळ्यात महागात पडतो, कारण मग त्याला काय द्यावं या विचारानं झोप येत नाही.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, उदारामकडची मंडळी ट्रकमध्येच सतरंजी अंथरून आली. गाडी दाराशी थांबेपर्यंत उमरावच्या चेहऱ्यावर यजमानाचं हसू होतं. मग ते तसंच राहिलं आणि मान तेवढी कलली. हातात पाण्याचा तांब्या, समोर पाय धुवायला उभा असलेला इवाई, आणि उमरावचा कान बॉनेटकडे. शांतीबाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा इवायाच्या पायांऐवजी चपलांवर पाणी पडत होतं.

जेवणं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "इवाई, गाडी इथंच राहू द्या. मंडळीले मी जीपनं पोचवून देतो."

"कायले?"

"राहू द्या त."

झाकण उघडलं. पंपाच्या गिअरच्या एका दाताचा कोपऱ्यातून टवका उडालेला. बाकीची चाकं जुनी, पण निरोगी. उमरावला एकदम सुचलं की हाच आपला आहेर. इवायाच्या गाडीला असा गिअर घालायचा की इंजिन मोडीत निघेल पण गिअर नाही. तो गोंदियाला दुलीचंदच्या दुकानात गेला. दुलीचंद ट्रकचे सुटे भाग विकतो, आणि बोलतो हिंदीत.

"मिस्त्रीजी, अब ये वाला आ रहा है. हार्ड किया हुआ," दुलीचंदनं खोका पुढे सरकवला. "आप घिस जाओगे, ये नहीं घिसेगा."

आतला गिअर काळसर होता आणि दातांवर निळसर झाक होती. उमराव त्याच्याकडे नवीन जावयाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

"पर पूरा सेट ले जाइए," दुलीचंद म्हणाला.

"शेठ, बटन तुटलं म्हनून आलो त तुमी कोट विकून राहिले."

दोघंही हसले. व्यापारी खरं बोलत असतो तेव्हा त्याची पंचाईत ही की तो नेहमीसारखाच दिसतो.

शांतीबाईंनी खोक्याला हळदकुंकू लावलं. इंजिनात जाणाऱ्या वस्तूला हळद लागलेली चौकानं पहिल्यांदाच पाहिली. उमरावनं चुन्याचे ठिपके जुळवले, झाकण बंद केलं आणि गाडी धुऊनपुसून इवायाकडे पाठवली. उदारामनं पैशांचं नाव काढलं तेव्हा त्यानं फक्त कान पकडले.

एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. 'काऊन' विचारलं नाही. दात काऊन उडाला, आधी कोणी उघडलं होतं, नवा माल जुन्यात चालतो का, यातलं काही नाही. कारण इवायाच्या इंजिनाचं झाकण काढणं म्हणजे इवायाच्या स्वयंपाकघरातलं झाकण काढण्यासारखंच. जिथं पोरगी द्यायची तिथं 'तेल कधी बदललं होतं?' असं विचारणं बरं दिसत नाही. साऱ्या हायवेची उलटतपासणी घेणारा माणूस सोयऱ्यासमोर मर्यादेनं गप्प बसला.

होळी झाली आणि गाडी बसली. सडक अर्जुनीच्या अलीकडे, धानाची पोती भरलेली. आधी शिट्टीसारखा सूर, मग खडखड. ओढून आणली. आयडलरचे दात उंदरानं कुरतडल्यासारखे झाले होते. उमरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळीवर त्याच गाडीचा जुन्या पद्धतीचा कोरा आयडलर होता, तो घाईनं घातला. गाडी गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. नवा आयडलरही गेला होता, कॅमच्या गिअरचे दात झिजू लागले होते, आणि चेंबरमधलं तेल उन्हात धरलं तर त्यात चमकी दिसत होती. आमच्या बायका लुगड्यावर लावतात तशी.

उदाराम काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. बोललं दुसरंच कोणीतरी. सौंदडला त्यांच्या नात्यातल्या एका म्हातारीनं नळावर घागर लावता लावता म्हटलं, "साक्षगंध झालं अन् गाडी बसली. पोरीचा पायगुन म्हनाव का काय?"

हे वाक्य सौंदडहून कोहमाऱ्याला ट्रकपेक्षा लवकर पोचलं.

भूपेंद्रनं तिथल्या तिथे म्हातारीला सांगितलं म्हणे, "आजी, गाडी नीतूनं कधी चालवलीच नाई, मी चालवतो. पायगुन पाहाचा आहे त माझा पाय ॲक्सिलेटरवर राहते." पण पायगुणाच्या गोष्टीत नवऱ्यामुलाचे पाय कोणी मोजत नसतं. दोन दिवसांनी सावित्रीबाईंचा, म्हणजे भूपेंद्रच्या आईचा, शांतीबाईंना फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सहज विचारलं, "पोरीची जन्मवेळ पक्की आहे ना हो, इहीनबाई?"

शांतीबाईंनी फोन ठेवला. नीतूनं सगळं ऐकलं होतं. ती डोळे पुसत बसेल अशी आईची कल्पना. ती उठली आणि सरळ गॅरेजमध्ये गेली.

"बाबा, एक विचारू? तुमी येनाऱ्या जानाऱ्या साऱ्या गाड्याईले 'काऊन' विचारता."

"हाव."

"ह्या गाडीले काऊन नाई विचारलं?"

उमराव उघड्या झाकणासमोर उकिडवा बसला होता. त्याचा खिशातला हात चुन्याच्या डबीवरून निघाला आणि पान्याकडे गेला.

मग सगळा गिअरचा संसार बाहेर आला. पुलर लावून एकेक चाक ओढलं, डिझेलनं धुतलं, आणि पोत्यावर ओळीनं मांडलं. भूपेंद्रला बोलावून घेतलं. भावी सासऱ्यापुढे तो जरा अवघडून उभा राहिला, पण उमरावनं आता मर्यादा सोडली होती. तेल कोणतं? काऊन? चढावर गिअर कधी बदलतोस? काऊन? पोराचं चांगलंच घामटं निघालं, पण एकाही उत्तरात खोट सापडली नाही. तेल बरोबर, माल बेताचा, ठिपके जुळलेले. चुन्याच्या खुणा अजून दिसत होत्या.

"मिस्त्रीबाबा, मी पास झालो का?" भूपेंद्रनं शेवटी विचारलं.

"तू पास झाला. मीच नापास होऊन राहिलो."

पोत्यावर पाहावं तर आयडलर खाल्लेला. कॅमचा खाल्लेला. क्रँकच्या दातांवरही ओरखडे. फक्त एक चाक नव्या नवरीसारखं चमकत होतं, आहेराचं. अंगावर साधी रेघ नाही. पोलिसात असता तर उमरावनं त्यालाच आधी पकडलं असतं, कारण मारामारीत ज्याच्या अंगावर ओरखडा नाही त्यानंच बाकीच्यांना मारलेलं असतं. पण हे चाक त्यानं स्वतः निवडलं होतं, गोंदियातलं सगळ्यात चांगलं म्हणून. चांगल्या चाकानं वाईट काऊन करावं, हे काही त्याच्या डोक्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी गावी तलावाचं काम होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पाळ तपासतात, आणि घराण्यातल्या माणसानं हजर राहावं अशी रीत आहे. उमरावचा चुलतभाऊ दुधराम शेती आणि पाळ दोन्ही सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणाहून पाणी झिरपलं होतं, तिथे खणून पाहणं चाललं होतं. उमराव मोटारसायकल उभी करून पाळीवर चढला.

"काय गा काऊन, आला का?" दुधराम खड्ड्यातून म्हणाला. "हे पाय. त्या साली हितं सिमेटाचा तुकडा बसवला होता ना, मजबूत म्हनून?"

"फुटला का?"

"फुटते कायचा. हा त पहाड आहे." दुधरामनं कुदळीचा दांडा सिमेंटवर आपटला. "ह्याच्या बाजूची माती पाय. सारी पोकळ. पाळ मातीची, ते जराशी बसते, जराशी हलते, सारी एकसंग. हा हलत नाई. म्हनून याच्या अंगाला लागून पानी मातीले खात जाते. आपल्या पणज्यानं काई सिमेट नव्हतं म्हनून मातीत माती नव्हती टाकली."

उमराव खड्ड्यात उतरला. सिमेंटच्या कडेला बोट घालून माती काढली, चोळली, वास घेतला. मग म्हणाला, "मी जातो."

"अगा, आत्ताच त आला. जेवून जा."

"गिअर पाहाचा आहे."

"पाळीवर कायचा गिअर?" दुधरामनं इतरांना विचारलं. पण तोवर मोटारसायकल निघाली होती.

गॅरेजमध्ये येऊन त्यानं कानस घेतली. लोखंड घासायची साधी कानस. जुनी, लाकडी मुठीची. आयडलरच्या दाताच्या कडेला, जिथं दुसरा दात लागत नाही अशा जागी, हळूच एक हात मारला. कानस चावली. बारीक रुपेरी कीस पोत्यावर पडला. कॅमच्या गिअरवर मारला. चावली. क्रँकवरही. मग आहेराच्या गिअरवर तिथंच, तसाच हात मारला. कानस काचेवरून घसरावी तशी सुळकन निघून गेली आणि बारीक किंचाळली. खूण म्हणून रेघसुद्धा उठली नाही.

त्यानं पुन्हा मारून पाहिली. मग उलटीकडून. मग नीतूला हाक मारून तिच्या हातात कानस दिली. तिनं चारही चाकांवर फिरवली आणि वडिलांकडे पाहिलं.

"हे एकच पक्कं आहे. बाकी सारे कच्चे."

"हाव," उमराव म्हणाला. "पक्क्यानं पक्क्यासंग फिराव, कच्च्यानं कच्च्यासंग. दोन्हीही चालतेत. मी मधातच एक पक्का घुसवला." आणि मग, आहेराचं चाक बाजूला सरकवत, "दुलीचंदनं सांगतलं होतं."

आता गोष्ट सोपी होती. गोंदियाहून पक्क्या गिअरचा सेट आणायचा, ठिपके जुळवायचे, तेल बदलायचं, गाडी द्यायची. शांतीबाईंनीही तेच सुचवलं.

"गुपचूप बसवा अन् देऊन टाका. कोनी विचारलंच त दुलीचंदचा माल खराब होता म्हना. तो काई सौंदडले येत नाई."

"माल त चांगला होता."

"मंग नारळ फोडा अन् द्या. गाडी चालली का लोक इसरतेत."

उमरावनं चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, "नारळ फोडून गाडी चालली त लोक म्हनतीन नारळानं चालली. म्हंजे बसली होती ते पायगुनानंच. उद्या पंक्चर झाली तरी पोरीवरच येईन."

शांतीबाईंना हे पटलं. पटलं म्हणूनच त्या आणखी काळजीत पडल्या. कारण दुसरा रस्ता एकच होता. चौकातल्या सगळ्यांसमोर, इवायासमोर, काऊन मिस्त्रीनं म्हणायचं की इंजिन मी खाल्लं. गॅरेजच्या बाकावर दिवसभर ड्रायव्हर बसलेले असतात. ही बातमी देवरीपर्यंत जायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता. आणि ज्याचं सगळं दुकान 'मला कारण सापडतं' या एका गोष्टीवर चालतं, त्यानं 'कारण मीच' म्हणणं म्हणजे वैद्यानं आपल्याच काढ्यानं रोगी आजारी पडला म्हणण्यासारखं.

त्यानं इवायाला फोन केला. "गाडी न्यायले या. इहीनबाईले बी आना."

"तिले कायले?"

"आना त."

सेट आला. उमरावनं एकेक चाक कानशीनं तपासून घेतलं. दुलीचंदनं खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, आता तो कानशीचंच ऐकणार होता. चुन्याचे ठिपके समोरासमोर आले. दातांमधली फट पात्यांच्या गेजनं सगळीकडून मोजून झाली. फक्त झाकण त्यानं लावलं नाही.

उदाराम आणि सावित्रीबाई एस.टी.नं उतरले. सावित्रीबाई रुंद हाडाच्या, मोकळ्या आवाजाच्या बाई. धानकापणीत त्यांच्या पुढे कोणी जात नाही अशी त्यांची ख्याती. बाकावर तीन-चार ड्रायव्हर होते, तेही सावरून बसले. उमरावनं जुनी खाल्लेली चाकं आणि त्यांच्या जोडीला आहेराचं चाक पोत्यावर मांडलं होतं, आणि शेजारी कानस.

"इवाई, गाडी दोनदा बसली ते माझ्यामुळं," त्यानं एकदम सांगून टाकलं. बहुधा लांबण लावली असती तर धीर सुटला असता.

उदाराम म्हणाला, "असं काऊन म्हनता? जुनी गाडी आहे. बसते कधी."

"नाई. मी बसवली. मले वाटलं, तुमाले सगळ्यात भारी गिअर द्याव. भारी गिअरनं बाकीचे खाल्ले."

"भारी गिअर खाते?" उदारामला काही समजेना. बाकावरचा एक ड्रायव्हर दुसऱ्याला हळूच म्हणाला, "मिस्त्री की तबीयत ठीक नहीं लगती."

उमरावनं कानस उचलली. कच्च्यावर मारली, कीस पडला. पक्क्यावर मारली, घसरली. उदारामनं मान डोलावली, ती समजल्याची नव्हती, सोयऱ्याचा मान ठेवण्याची होती.

"आना इकडं," सावित्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचून कानस स्वतः घेतली. एका चाकावर मारली. दुसऱ्यावर मारली. पुन्हा पहिल्यावर. मग खाल्लेल्या दातांवरून अंगठा फिरवला, विळ्याची धार पाहतात तसा.

"हे त आमच्या विळ्यासारखं आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सोमा लोहाराकडचा जुना विळा कानशीनं लागते, अन् तो बाजारातला नवा, त्याच्यावर कानस घसरते. नाई का? तेच हे. ह्या कडकानं ह्या नरमाले खाल्लं." त्यांनी उमरावकडे पाहिलं. "असंच ना?"

"तसंच," उमराव म्हणाला. आपल्याला तलावाच्या पाळीपर्यंत जावं लागलं ते बाईंना उभ्या उभ्या कळलं, याचं त्याला नवल वाटत होतं. आणि लगेच त्याच्या तोंडावर आलेलंही होतं की, तुमाले इतक्या लवकर काऊन कळलं? पण त्यानं ते गिळलं. काही सवयी प्रसंगापुरत्या थांबवता येतात.

"मंग तुमी हे आमाले कायले सांगतलं, इवाई? चुप राहिले असते त कोनाले कळत होतं?"

बाकावर आता कोणी चहासुद्धा पीत नव्हतं.

"पोरीच्या पायावर गेलं होतं, इहीनबाई," उमराव म्हणाला. "हात माझा होता."

सावित्रीबाईंचा चेहरा जरा उतरला. जन्मवेळ विचारल्याची त्यांना आठवण झाली असावी. पण त्या तशा बोलून दाखवणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. नीतू आतल्या दाराशी उभी होती.

"तिथं काऊन उभी राहिली वो? ये इकडं. झाकन लावा म्हना बाबाले, अन् सेल तू मार."

"मी?"

"तू नाई त कोन, हे?" त्यांनी उदारामकडे बोट केलं. "ह्याईच्या पायानं त आजवर किती डाव बसली गाडी, कोनी नाव नाई घेतलं."

उदाराम यावर हसला, कारण ते खरं होतं.

उमरावनं पॅकिंग टाकून झाकण लावलं, नवीन तेल ओतलं. नीतू केबिनमध्ये चढली. पहिल्या सेलला इंजिन खोकलं, दुसऱ्याला लागलं. उमरावनं स्क्रूड्रायव्हर इंजिनाला आणि मूठ कानामागे टेकवली. तो तसा इतका वेळ उभा राहिला की उदाराम अस्वस्थ झाला.

"काई आहे का, इवाई?"

"काई नाई," उमराव डोळे न उघडता म्हणाला. "काईच नाई म्हनून ऐकून राहिलो."

त्या दिवशी निघताना सावित्रीबाईंनी एक विचित्र मागणी केली. खाल्लेला आयडलर आणि एक कानस त्यांना हवी होती. उमरावनं जुनी मुठीची दिली. कशाला हवी, हे विचारलंच. त्या म्हणाल्या, "आमच्या नळावर लय कच्चे दात आहेत."

पुढचं सौंदडकडून आलेलं सांगतो. सावित्रीबाईंनी तो आयडलर घराच्या दर्शनी फळीवर ठेवला, शेजारी कानस आणि एक नवा विळा. बसायला आलेल्या बाईला चहाआधी दोन्हींवर कानस फिरवावी लागायची. चावते की घसरते, सांगायचं. मग चहा. नळावरच्या म्हातारीलाही त्यांनी बोलावून घेतलं, पाट दिला, आणि तिच्या हातात कानस देऊन म्हणाल्या, "मारा आत्याबाई, सांगा कोनी खाल्लं." म्हातारीनं चष्मा मागितला. पोटात राग ठेवून का होईना, तिनं दोन्हीवर मारून पाहिली आणि कबूल केलं की नरम आहे ते नरमच आहे. लग्नाच्या हंगामापर्यंत सौंदडच्या बायकांना टायमिंग गिअरबद्दल इतकं कळू लागलं होतं की एका ड्रायव्हरनं म्हणे बायकोला विचारूनच गोंदियाहून सुटा भाग आणला.

इकडे चौकात उमरावच्या धंद्याचं काही नुकसान झालं का? थोडे दिवस थट्टा झाली. गाडी उभी करताना कोणीतरी म्हणायचं, "मिस्त्री, सादंच टाका, आहेर नोको." नंतर उलटच झालं. ड्रायव्हर सुटा भाग घेऊन आले की स्वतःच म्हणू लागले, "आधी कानस मारून पाय." उमरावला त्यात आनंद होता. त्याच्याकडे आता विचारायला आणखी एक 'काऊन' आला होता.

लग्न सौंदडला झालं, भर वैशाखात. जनरेटरपाशी उमराव फार वेळ उभा राहिला नाही; शांतीबाईंनी त्याच्या बाजूला आपला एक भाऊ उभा करून ठेवला होता. संध्याकाळी नवरी घरात यायची वेळ झाली. उंबरठ्यावर धानाचं माप ठेवलं. बायकांची गर्दी, पुढे ती नळावरची म्हातारी. नीतूच्या पायानं माप लवंडलं, धान जरा जास्तच दूर उडालं, एक मूठ तर थेट ओट्याखाली गेली.

म्हातारीनं तोंड उघडलं. सावित्रीबाईंनी फक्त मान वळवून फळीवरच्या कानशीकडे पाहिलं.

"जपून ये पोरी," म्हातारी म्हणाली, "उंबरठा उंच आहे."